अकरा दिवसांचं दही

तोक्योतल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या घरात स्वयंपाकघर म्हणून वेगळी खोली नव्हतीच. दार उघडलं की डाव्या हाताला ओटा, उजव्या हाताला न्हाणीघर आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात फ्रिज. त्या फ्रिजच्या कडेला चुंबकाच्या हुकावर मराठी कॅलेंडर लटकलेलं असे. दर दिवाळीला पुण्याहून कुणी ना कुणी यायचं आणि चकलीच्या डब्याबरोबर त्याची गुंडाळी आणायचं. त्यात जपानी सुट्ट्या नसत, त्या आई लाल पेनाने भरायची. जळणारा कचरा कुठल्या वारी, प्लास्टिक कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या वारी, हेही त्यातच. आणि प्रत्येक चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात दूध. एक लिटर, दोन लिटर, नसेल आणलं तर फुली. दूध आम्ही दुकानातून पुठ्ठ्याच्या खोक्यात आणायचो. दूधवाला नव्हता, कुणाला काही दाखवायचं नव्हतं, तरी ती लिहायची. तिची आई लिहायची म्हणून ही लिहायची. बाबा चिडवायचे, "अगं, तपासायला गवळी तोक्योत येणार आहे का?" आई म्हणायची, "लिहिलेलं बरं असतं." बाबा त्यावर मान हलवून तोयोसूच्या ऑफिसला जायला बूट चढवायचे.

मी सहा वर्षांची असताना आम्ही इकडे आलो. शाळा जपानी, मैत्रिणी जपानी, त्यामुळे आईने मराठीत विचारावं आणि मी जपानीत उत्तर द्यावं असा आमच्या घरचा रिवाज पडला. मराठी वाचायला मी शिकले ती याच कॅलेंडरवर. ओट्यापाशी स्टूल टाकून आई मला पानांमागचा मजकूर वाचायला लावायची, मी रडतखडत वाचायचे, आणि वर धूर ओढणारा पंखा घुरघुरत असायचा. संध्याकाळी पाच वाजता वॉर्डाच्या भोंग्यातून मुलांनी घरी जावं म्हणून एक संथ सूर वाजायचा. बरोबर त्याच वेळी आमच्या कुकरची शिट्टी व्हायची, कारण आई भाताचा कुकर त्या सुराच्या अंदाजाने लावायची. तो सूर अजून कानावर पडला की मला भूक लागते. या वयातही लागते.

घरात दही रोज लागायचं. बाबांना ताकभाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नसे आणि दुकानातलं योगर्ट त्यांना "खीर आहे ही" म्हणून नको असायचं. आईचं विरजण पुण्याहून आलेलं होतं, एका स्टीलच्या डबीत, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून. ते तिने वर्षानुवर्षं मरू दिलं नाही. आम्ही सुट्टीत भारतात गेलो की ती चमचाभर विरजण शेजारच्या बाईंकडे देऊन यायची आणि परत आल्यावर बॅगा उघडायच्या आधी ते घेऊन यायची.

आईबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण ती माहीत असून मी पुढचं सगळं केलं. आई पुण्यात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला तिला टायट्रेशन आलं. तीन वेळा केलं, तीनही वेळा एकच आकडा आला, आणि तो यायला हवा त्यापेक्षा बराच वेगळा होता. शेजारची मैत्रीण कुजबुजली, "अगं, जुळव ना." रीडिंग जुळवणं हा तिथला सर्रास प्रकार होता. उत्तर काय यायला हवं ते ठाऊक असायचं, त्यावरून उलटं येऊन मधले आकडे लिहायचे. आईने जुळवलं नाही. आलेला आकडा लिहिला, मार्क गेले, पहिला वर्ग थोडक्यात हुकला आणि एम.एस्सी. राहून गेलं. पुढे कळलं की तिच्या टेबलावरची ॲसिडची बाटलीच चुकीची भरलेली होती. म्हणजे तिचा आकडा बरोबर होता. पण मार्क काही परत आले नाहीत. ही गोष्ट ती वर्षातून एकदा तरी सांगायची, आणि मी प्रत्येक वेळी "आई, कितव्यांदा?" असं म्हणायचे.

सेंदाईला विद्यापीठात गेले तेव्हा मी गणित घेतलं. आमच्या विभागात तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हवं तर स्वतःचा विषय शोधून वर्षभर संशोधन करता यायचं. कुणी विषय देत नसे, तो आपणच काढायचा. वर्षाच्या शेवटी सगळ्यांसमोर मांडायचा, आणि मग तो विभागाच्या पुस्तिकेत छापून यायचा. माझे मार्गदर्शक कितामुरा सेन्सेइ. शिडशिडीत, अबोल माणूस, बाराही महिने तोच राखाडी स्वेटर. ज्यांचा प्रकल्प त्यांना पटे त्यांनाच ते चौथ्या वर्षी आपल्या संशोधन गटात घेतात, अशी ख्याती होती. मला त्यांच्याकडेच जायचं होतं. त्यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार आहे असं मी मैत्रिणींना सांगत असे. ते किती खरं आहे हे तेव्हा माझं मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या मुलांचे विषय ऐकून मला धडकी भरायची. माझ्या डोक्यात काहीच येईना. शेवटी नववर्षाच्या सुट्टीत घरी आले असताना ओट्यावरच्या दह्याच्या भांड्याकडे बघत आईच म्हणाली, "थंडीत दही लागायला इतका वेळ लागतो, उन्हाळ्यात पटकन लागतं. याचं काही गणित असेल की नाही?" असतं. खोलीचं तापमान आणि दही लागायला लागणारे तास यांचा वक्र काढायचा, एकच विरजण दोन शहरांत वापरायचं, एक तोक्यो, एक सेंदाई. सेन्सेइंना मी हा विषय सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "साने-सान, हे छान आहे. तुमच्या घरातून आलंय." ते आईच्या तोंडून आलंय हे मी सांगितलं नाही. ही पहिली खोटी गोष्ट. छोटी होती म्हणून मी ती मोजली नाही.

आईने त्यासाठी काय केलं ते आता लिहायला हवं. ती एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायची, आठवड्याचे पाच दिवस. ते तिने तीनवर आणले. उरलेले चार दिवस प्रयोगाचे. सकाळी सहाला कोमट दुधात मोजून विरजण घालायचं, भांडं खिडकीजवळच्या फळीवर ठेवायचं, भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा बघायचा आणि मग दर तासाला आंबटपणा मोजायची कांडी बुडवायची. ठरावीक खुणेला पोचलं की तो तास लिहायचा. वही आण म्हटलं तर ती म्हणाली, "वही हरवते. कॅलेंडर आहे की." दुधाच्या शेजारी तिने दह्याचे तास लिहायला सुरुवात केली. आकडे मात्र देवनागरीत नकोत, सेन्सेइंना वाचता आले पाहिजेत, हा माझा हुकूम. महिनाअखेरीला ती पानाचा फोटो पाठवायची. फोनवर "आपला प्रयोग कसा चाललाय?" असं विचारायची. त्या "आपला"चा मला राग यायचा. एकदा तिने फोटोबरोबर लांबलचक मेसेज पाठवला, त्या दिवशी पाऊस होता, खिडकी उघडी राहिली, असं काहीबाही. मी उत्तर दिलं: आई, फक्त आकडे पाठव, गोष्टी नकोत. त्यानंतर मेसेज बंद झाले. फोटो तेवढे यायचे. मी ते मोठे करून तासाचा आकडा टिपायचे आणि चौकोनात बाजूला काय खरडलंय तिकडे ढुंकून बघायचे नाही.

मोजणी संपली आणि सप्टेंबरातल्या एका दुपारी विद्यापीठाच्या उपाहारगृहात मी सगळे आकडे संगणकात घालून वक्र काढायला बसले. समोर थंड झालेला सोबा नूडल्सचा वाडगा. वक्र सुंदर आला. सेंदाईचे ठिपके त्यावर, तोक्योचे ठिपके त्यावर, जणू कुणी ओवून ठेवलेत. फक्त फेब्रुवारीतले अकरा ठिपके खाली, एका बाजूला, घोळका करून बसलेले. खोली चौदा-पंधरा अंशांवर असताना दही लागायला तेरा-चौदा तास लागायला हवेत, लागतही होते. या अकरा दिवशी साडेसहा, सात, सात. शक्यच नाही. आईने कांडी नीट धुतली नसेल, खूण चुकीची वाचली असेल, चष्मा लावला नसेल. हे सगळे तर्क मी सोबा खाता खाता केले आणि एकालाही पुरावा नव्हता. फोन टेबलावर पालथा पडला होता. घरी फोन लावून "आई, फेब्रुवारीत काय झालं गं?" एवढं विचारायला दोन मिनिटं पुरली असती. मी तो लावला नाही. कारण तिने काही कारण सांगितलं असतं तर मला ते ऐकावं लागलं असतं, आणि वक्र बिघडला असता.

मी आकडे बदलले. तेरा, साडेतेरा, चौदा, पुन्हा तेरा. सगळे वक्रावर तंतोतंत बसले तर संशय येईल म्हणून दोन मुद्दाम थोडे वर टाकले, एक थोडा खाली. बदलणं एकवेळ घाईत झालं म्हणता येईल, पण ते खरे वाटावेत म्हणून विस्कटणं घाईत होत नाही. त्याला बसून डोकं लावावं लागतं. आईच्या पुण्यातल्या मैत्रिणीने जे जुळव म्हटलं होतं ते आईच्या मुलीने सेंदाईत बसून जुळवलं, आणि उरलेला सोबा संपवून वाडगा परत ठेवायला गेली. भांडी घेणाऱ्या बाईंना "गोचिसोसामा", जेवणाबद्दल आभार, म्हणायलाही विसरली नाही.

मांडणीच्या आठवडाभर आधी सेन्सेइंनी सगळ्यांना कळवलं की मूळ नोंदी बरोबर आणा, हाताने लिहिलेल्या. हा त्यांचा शिरस्ता होता, मला माहीत नव्हता. मग मीच माझी समजूत घातली की ते चाळतील आणि ठेवून देतील, शंभर चौकोन कोण ताडून बघतंय. आईला म्हटलं, कॅलेंडर ताक्युबिनने, कुरियरने, पाठव. तिने विचारलं, "तुमच्या सेन्सेइंना चालत असेल तर मीच आणू का?" मला नको होतं. पण मी बोलायच्या आधी सेन्सेइंनाच कुठूनसं कळलं होतं की तोक्योच्या नोंदी माझ्या आईने केल्यात. ते म्हणाले, "मग त्यांना बोलवाच. त्या सहसंशोधक आहेत."

आई आली. नारायणपेठी साडी, वर जाड कोट, पायात धावायचे बूट, हातात डबा आणि जुन्या सुती ओढणीत गुंडाळलेलं कॅलेंडर. स्टेशनवर मला तिची लाज वाटली. साडीची, बुटांची, गाडीतून उतरताना सगळ्यांना वाकून वाट देण्याची. आज ज्या लाजेबद्दल मी हे प्रकरण लिहितेय तिच्यापुढे ती लाज काहीच नाही, पण ती होती, आणि आईला ती दिसली असणार. तिने वाटेत कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

वर्ग छोटाच होता. आठ विद्यार्थी, दोन सहायक, सेन्सेइ. पहिल्या रांगेत सेन्सेइंच्या शेजारी एक खुर्ची आणि तिच्यासमोर टेबलावर घडी घातलेलं कार्ड, त्यावर जपानी अक्षरांत "साने वसुधा सामा". आईने ते कार्ड वाचलं, एकदा बोटाने सरळ केलं आणि बसली. वॉर्डाच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन ती जपानी शिकली होती हे मला ठाऊक होतं. ती घरी बोलायची नाही म्हणून तिला येत नाही असं मी धरून चालले होते. तिने ओढणी सोडली आणि कॅलेंडर दोन्ही हातांनी सेन्सेइंपुढे केलं. त्यांनीही ते दोन्ही हातांनी घेतलं.

मी बोलायला लागले. पडद्यावर माझा वक्र. सेन्सेइ पडद्याकडे बघतच नव्हते. डाव्या हाताला माझी छापील तालिका, उजव्या हाताला कॅलेंडर, एक चौकोन, एक ओळ, एक चौकोन, एक ओळ. जानेवारीचं पान उलटलं तेव्हा मला माझाच आवाज दुरून ऐकू यायला लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी संपवलं, टाळ्या झाल्या, आणि सेन्सेइंनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "साने-सान, फेब्रुवारीत अकरा दिवस तालिकेतले आकडे मूळ नोंदीपेक्षा वेगळे आहेत. का?"

मी म्हणाले, "त्या अकरा दिवशी आईकडून मोजताना चूक झाली. तिला उपकरणांची सवय नाही. म्हणून मी ते दुरुस्त केले."

मी हे भरभर म्हणाले, विद्यार्थ्यांच्या बोलीत, आईला कळू नये अशा वेगाने. आईने मान वर केली. तिला शब्दन् शब्द कळला होता.

सेन्सेइंनी कॅलेंडर तिच्याकडे सरकवलं आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. मला म्हणाले, "तुम्हीही या." मी टेबलाशी गेले. त्या चौकोनात दूध दोन लिटर होतं, सातचा आकडा होता, आणि त्याच्या शेजारी आईच्या नवशिक्या जपानी अक्षरात, एकेक रेघ सुटी काढून, एक शब्द लिहिला होता: कोतात्सू. आमच्या घरी ते होतं, खाली हीटर आणि वर गोधडी घातलेलं बुटकं टेबल. थंडीत आम्ही त्यात पाय घालून बसायचो. त्याखाली, मराठीत, बारीक: "ह्यांना मऊ भात." पुढच्या चौकोनात तेच. त्याच्या पुढच्याही. अकराही दिवस.

सगळं एका क्षणात उलगडलं. बाबा आजारी होते. त्यांना मऊ ताकभातच चालत होता आणि दही दुपारपर्यंत हवं होतं, म्हणून आईने भांडं फळीवर न ठेवता कोतात्सूत ठेवलं होतं. आत ऊब, दही सात तासांत लागलं. तिने तसंच मोजलं, तसंच लिहिलं, आणि सेन्सेइंनाही कळावं म्हणून तो शब्द त्यांच्या लिपीत लिहिला. आकडे बरोबर होते. माझ्या वक्राला जे कळत नव्हतं ते त्या एका शब्दात होतं. आणि बाबा तेव्हा आजारी होते हे मला नऊ महिन्यांनी कळत होतं.

सेन्सेइंचं बोट त्या शब्दावरच होतं. त्यांनी अतिशय अदबीने विचारलं, "ओकासामा, या दिवसांत तुम्ही काही वेगळं केलं होतं का?"

आईने त्यांच्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी बोलू शकत होते. एक वाक्य, "सेन्सेइ, आकडे मी बदलले", एवढं म्हणायला मला जितका वेळ लागला असता तितका वेळ आई माझ्याकडे बघत थांबली. ती थांबली होती, हे मी शपथेवर सांगते. मग ती उभी राहिली, पदर सावरला, कमरेतून वाकली आणि वर्गात शिकवलेल्या स्वच्छ, सावकाश जपानीत म्हणाली, "नाही. काही वेगळं केलं नाही. माझीच चूक झाली. मोजताना माझं लक्ष नव्हतं. क्षमा करा."

जिने परीक्षेत मार्क घालवले पण आकडा जुळवला नाही, ती बाई माझ्यासाठी इतक्या माणसांसमोर वाकून खोटं बोलली, आणि बोलताना तिचं खरं तिच्यासमोर लिहिलेलं होतं. ते वाचता येणारा माणूस त्यावर बोट ठेवून बसला होता.

"सो देसु का," सेन्सेइ म्हणाले. असं होय. बोट थोडा वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी कॅलेंडर मिटलं, आईला दोन्ही हातांनी परत दिलं आणि तिच्यापेक्षा खाली वाकले. मला एवढंच म्हणाले, "अंतिम मसुद्याला एक आठवडा आहे. विचार करा."

स्टेशनवर गाडीला वीस मिनिटं होती. बाकावर बसून आईने डबा उघडला. दडपे पोहे, मला आवडतात म्हणून, वर ओलं खोबरं. ते तिने कुठून पैदा केलं होतं कोण जाणे. मी विचारलं, "बाबांना काय झालं होतं?" ती म्हणाली, "आतड्याला सूज होती. आता बरे आहेत. तुझी परीक्षा होती ना, म्हणून नाही सांगितलं." मी म्हणायला हवं होतं ते अजूनही म्हटलं नाही. वर तिलाच म्हणाले, "मला फोन करून सांगायला काय झालं होतं?" हे सुद्धा मी म्हणाले. आईने डब्याचं झाकण लावलं, माझ्या हातात दिला आणि गाडीच्या दारात उभी राहून म्हणाली, "पुढच्या वेळी आकडा विचित्र वाटला तर तू फोन कर." आवाजात राग नव्हता. दार बंद झालं.

माझ्याकडे आठवडा होता. खरे आकडे परत घालायचे, भांड्याभोवतीचं तापमान वेगळं होतं असं लिहायचं, बस. त्याने प्रकल्प उलट चांगला झाला असता, त्या अकरा दिवसांनी वक्राचं उबेकडचं टोक हिवाळ्यातच तपासून मिळालं असतं, हे आज माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही दिसेल. पण मग वर्गात मी जे बोलले ते खोटं होतं हे लिहून द्यावं लागलं असतं. मी तिसराच रस्ता काढला. अकरा दिवस गाळून टाकले आणि तळाला टीप दिली: मापनातील मानवी चुकीमुळे या दिवसांच्या नोंदी वगळल्या आहेत. आभारात आईचं नाव घातलं. म्हणजे ती मानवी चूक कुणाची, हे वाचणाऱ्याला विचारावंही लागू नये.

सेन्सेइंनी मसुदा शेवटपर्यंत वाचला. टिपेपाशी थांबले. "हे असंच ठेवायचं?" मी "हो" म्हणाले. त्यांनी खणातून शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि कागदावर उठवला. चौथ्या वर्षी त्यांनी मला घेतलं नाही. जागा भरल्या आहेत असं कळवलं. एक जागा वर्षभर रिकामी राहिली, आणि जाता-येता मला काचेतून ती खुर्ची दिसायची.

पुढे मी शिकले, दुसरीकडे शिकवायला लागले, केस पिकले. माझे विद्यार्थी मला पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे. ही बाई उत्तर बघत नाही, खरडलेले कागद मागते, आणि वक्रापासून दूर पडलेला ठिपका दिसला की तासभर सोडत नाही. ते याला शिस्त समजतात. मी समजू देते.

विभागाची ती पुस्तिका आईने हिगाशी-कसाईच्या घरात देवांच्या फोटोंशेजारी ठेवली होती. पाहुणे आले की काढून दाखवायची. माझं नाव, मग आभारातलं तिचं. तळाची टीप तिला वाचता येत होती, तरी दाखवायची. मी तिथे असले की पाणी प्यायला उठायचे.

बोलायला मला फार वर्षं लागली. बाबा निवृत्त झाले होते, खाली बागेत फिरायला गेले होते. पाचचा सूर नुकताच वाजून गेला होता. आई ओट्यापाशी दूध कोमट व्हायची वाट बघत उभी होती, हातात विरजणाची तीच स्टीलची डबी.

मी म्हणाले, "आई, त्या अकरा दिवसांचे तुझे आकडे बरोबर होते."

"ते मला माहीत आहे गं," ती म्हणाली. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तिथेच. सेन्सेइंचं बोट होतं तेव्हा."

आईने डबी ओट्यावर ठेवली. "म्हणजे पुस्तिका छापायच्या आधी."

"हो."

"एवढंच विचारायचं होतं," ती म्हणाली. तिने बोट बुडवून दूध पाहिलं, चमचाभर विरजण घातलं, हलक्या हाताने ढवळलं आणि झाकण ठेवलं. काय करावं ते न सुचून मी घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून ठेवावी म्हणून फ्रिजकडे वळून पेन शोधायला लागले. कॅलेंडर हुकावर होतं. पानावर जपानी सुट्ट्या होत्या, कचऱ्याचे वार होते. दुधाचे कोपरे सगळे कोरे होते. मी मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं.

"राहू दे," आई म्हणाली. "मी आता लिहीत नाही."